अर्धी ऊब

“बंद हो म्हटल्याबरोबर डायोड बंद होत नाही, आस्ता. आधी क्षणभर उलटं वाहू देतो, मग दार लावतो.”

हिल्डिंग हे बोलला त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर त्याने डायोड ओळीने मांडले होते. शेंगदाण्याएवढी काळी नळकांडी, दोन्ही टोकांना तार, एका टोकाशी चंदेरी पट्टा. आस्ता शेजारी बसून बटाटे सोलत होती. वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे येते आणि मागे जाते, आणि हा काळा दाणा फक्त पुढे येणाऱ्या विजेला वाट देतो, मागे जाणारीला अडवतो, एवढं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिने आपलं सहज विचारलं होतं, “पण त्याला कळतं कसं, आता अडवायचं म्हणून?”

“कळत नाही. आत जे साठलेलं असतं ते आधी रिकामं व्हावं लागतं. तोवर उलटं वाहतं. पापणी लवायच्या आत सगळं संपतं, पण वाहतं खरं.”

“म्हणजे तुझ्यासारखाच. तुला गप्प बस म्हटलं की आधी चार वाक्यं जास्त बोलतोस.”

हिल्डिंग हसला नाही. त्याने एक डायोड चिमटीत उचलला, उजेडात धरला आणि पुन्हा ओळीत ठेवला. ओळ जराही वाकडी झालेली त्याला चालत नसे.

जन्मभर त्याने हेच केलं होतं. शहरातल्या एका कारखान्यात वेल्डिंगला आणि मुलामा चढवायला लागणारे, विजेला एकाच दिशेने वाहायला लावणारे रेक्टिफायर बनत, त्यांच्या तपासणीच्या खोलीत तो होता. अंगावर राखाडी झगा, कानावर पेन्सिल. समोर हिरव्या पडद्यावर विजेच्या लाटा धावायच्या. त्यांचा वरचा अर्धा भाग टेकड्यांसारखा उरायचा आणि खालचा कापला जायचा. त्या टेकड्या बघत त्याचे केस पांढरे झाले. मग कारखान्याने म्हाताऱ्यांना लवकर घरी पाठवायचं ठरवलं, आणि दोघं हेल्सिंगलंड प्रांतात, हिल्डिंगच्या गावी परतली. तिथे चर्चचा रखवालदार नुकताच वारला होता. घंटा, कबरींवरचं गवत, दारापुढचं बर्फ, मेणबत्त्या हे सगळं हिल्डिंगकडे आलं. दोघांचं घरही चर्चच्या उतारालाच होतं.

आस्ताचा उजवा कान लहानपणी तापात गेला होता. डावा कान यंत्रावर चालत असे. स्वयंपाकघरात समोर बसलेल्या माणसाचं बोलणं तिला नीट कळायचं. पण चर्चच्या उंच छताखाली पाद्र्याचा आवाज विरघळून जायचा, पेल्यातल्या पाण्यात पडलेल्या साखरेसारखा. म्हणून गावी आल्यावर हिल्डिंगने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर जमिनीच्या फळ्यांखालून भिंतीकडेने एक तार फिरवली आणि तिचं टोक वेदीजवळच्या माइकला जोडलं. यंत्रावरचं बारीक बटण सरकवलं की पाद्र्याचा आवाज त्या तारेभोवतीच्या चुंबकी लहरींतून थेट कानात उतरे. खोकला नाही, बुटांचा आवाज नाही. पहिल्या रविवारी आस्ताला पाद्र्याने ओठ ओले केलेलेसुद्धा ऐकू आले होते. ती घरी येऊन मोरीशी उभी राहून रडली होती. हिल्डिंगने तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तो म्हणाला, “खांबापाशी तार जरा ढिली आहे. बघतो.”

*

डायोड बाकांसाठी होते. प्रत्येक बाकाखाली विजेची एक लांब नळी होती, आत तापणारी तार. तिला एक बटण. चालू, नाहीतर बंद. चालू ठेवलं की प्रवचन निम्म्यावर यायच्या आत पहिल्या ओळीतल्या वेंडेलाच्या बुटाचा तळ मऊ होऊन रबराचा वास सुटे, आणि बंद केलं की लोक ओव्हरकोटात कुडकुडत. शिवाय सगळे बाक एकदम पेटले की उताराखालच्या घरांतले दिवे मंदावत. ते दिवस अणुवीज हवी की नको यावर देशभर मतदान व्हायच्या आधीचे. जो तो एकमेकांच्या खिडकीतले दिवे मोजत होता. चर्चच्या मंडळाने हिल्डिंगला विचारलं, मधलं काही करता येईल का.

“अर्धं करतो,” तो म्हणाला.

पानगळ लागताच प्रत्येक बाकाच्या टोकाशी त्याने एक छोटं बटण बसवलं आणि त्यात डायोड घातला. बटण खाली असलं की वीज डायोडला वळसा घालून जाई. नळी पूर्ण तापे. वर केलं की डायोडमधून जाई. लाटेचा एक अर्धा भाग मिळे, दुसरा नाही. ऊब अर्धी. “तारेचं काय,” तो आस्ताला म्हणाला, “तिला वीज कुठून आली नि कुठे चालली याच्याशी देणंघेणं नाही. मिळेल तेवढ्यावर तापायचं.”

ती त्याला बॅटरीचा उजेड धरून होती. तिने विचारलं, “कुठलंही टोक कुठेही लावलं तर चालतं?”

“अर्धं ते अर्धं. पण पट्टा सगळ्यांचा वेदीकडे. चर्चमध्ये वेदीकडे पाठ करून कोण बसतं?”

आणि खरोखर त्याने सगळे डायोड वेदीकडे तोंड करून बसवले. झाकणं लागल्यावर ते कुणाला दिसणार नव्हते, तरी. मंडळातली माणसं बघायला आली तेव्हा त्याने एक झाकण उघडून दाखवलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली, जणू हे आधीच कुणीतरी करायला हवं होतं.

तेव्हापासूनचा त्याचा नेम असा झाला. शनिवारी दुपारी सगळे बाक पूर्ण लावायचे, की दगडी भिंती जरा माणसात येतील. रविवारी घंटा वाजवायला जाण्याआधी मधल्या वाटेने चालत एकेक बटण वर करायचं. टक्, टक्, टक्. उजवा हात उजव्या ओळीला, डावा डाव्या. आस्ता लवकर येऊन बसलेली असे, आणि तो टक् टक् आवाज तिला ऐकू येत नसला तरी लाकडातून पाठीला लागत असे.

*

पहिल्यांदा ते त्याच पानगळीत झालं. पाद्र्याने तोंड उघडलं, आस्ताने यंत्राचं बटण सरकवलं, आणि कानात पाद्र्याऐवजी काहीतरी भुणभुणायला लागलं. बाटलीत कोंडलेली गांधीलमाशी असावी तसं. त्यामागे कुठेतरी पाद्रीही होता, भिंतीपलीकडून बोलावा तसा. आस्ताने बॅटरी बदलून बघितली. यंत्र काढून फुंकर मारली. भुणभुण तशीच.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावून ठेवलं होतं, डावा कानही एक दिवस थकेल. आधी आवाज यायला लागतील, जे बाहेर नसतात.

घरी तिने जेवताना आडून विचारलं. “तार ठीक आहे ना रे? आज जरा खरखर वाटली.”

हिल्डिंगने काटा खाली ठेवला. “खरखर?”

“जराशी.”

पुढच्या शनिवारी तो कारखान्यातून आणलेला इअरफोन घेऊन चर्चमध्ये गेला आणि तारेच्या कडेकडेने सगळी जमीन फिरला. परत आला तो नाक लाल करून. “स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “माइकजवळ घड्याळ ठेवलं होतं. टिकटिक ऐकू येते शेवटच्या ओळीपर्यंत. तारेत काही नाही.”

“मग बरं,” आस्ता म्हणाली.

तारेत काही नाही, म्हणजे कानात आहे. हे तिने त्याला सांगितलं नाही. त्याने ती तार तिच्यासाठी जमिनीत घातली होती. तिच्या उपयोगाची वर्षं संपत आली, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने इस्पितळात तपासणीची वेळ मागितली. वेळ ॲडव्हेंटनंतरची, नाताळाआधीचे चार रविवार उलटल्यावरची मिळाली. तोवर ती घरातले आवाज तपासत राहिली. कॉफीची किटली उकळायला लागली की अजून ऐकू येतं का. चमचा ताटलीवर आपटला की? तो दारात बूट झटकतो ते? रोज ती चुलीशी पाठ करून उभी राही आणि किटलीची वाट बघे. किटली शिट्टी घाली, आणि तिला वाटे, आज तरी आहे. घरात सगळं जागच्या जागी होतं. फक्त रविवारी, चर्चमध्ये, तो कोंडलेला किडा हजर असायचा. तिने स्वतःची समजूत घातली: मोठ्या जागेत कानाला ताण पडतो, तिथे आधी कळतं.

हिल्डिंगचंही काहीतरी बिनसलं होतं. ते तिला दिसत होतं. प्रार्थना संपली की तो पूर्वी लोकांबरोबर कॉफीला जाई. आता घंटा वाजवून झाली की चर्चमागच्या विजेच्या खांबाखाली उभा राही, टोपी हातात, मान वर. खांबावर ट्रान्सफॉर्मरची राखाडी पेटी. तो तिच्याकडे असा बघे जसा माणूस आजाऱ्याच्या खोलीबाहेर उभा राहतो.

“काय बघतोस तिथे?” तिने विचारलं.

“पक्षी,” तो म्हणाला.

थंडीत त्या खांबावर कुठला पक्षी बसतो, हे तिने विचारलं नाही. त्यांच्या घरात विचारणं असंच होतं. एकाने दाराला हात लावायचा आणि दुसऱ्याने कडी लावलेली नाही असं दाखवायचं.

*

ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी चर्च भरतं. जे नाताळलाही येत नाहीत ते त्या दिवशी येतात. खिडक्यांत कागदी तारे लागले होते आणि बाहेर उणे अठरा होतं. त्यांची लेक तूरा गॉथेनबर्गहून आली होती. संध्याकाळच्या गाण्याच्या प्रार्थनेत ती एकटी गाणार होती. आस्ताला त्याची धास्ती होती. लेकीचा गाण्यातला आवाज तिने ऐकल्याला कितीतरी दिवस झाले होते. आता ऐकायचा राहिला तर कायमचाच राहिला.

सकाळची प्रार्थना तिने किड्याच्या भुणभुणीत काढली. आज तो जास्तच माजला होता. शेवटी तिने यंत्र बंदच करून टाकलं आणि शांततेत बसून राहिली, समोरच्यांच्या माना हलताना बघत. असंच असणार आहे तर, तिला वाटलं. माना दिसतील.

नंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. केशराचे पाव, बदामाची बिस्किटं. तिच्या शेजारी ओसियन येऊन बसला. ओसियन पूर्वी करवतीच्या गिरणीत होता. करवतींनी त्याचे दोन्ही कान खाल्ले होते. तो बोलायचा तो ओरडूनच.

“आस्ता, तू यंत्राचं ते बटण लावतेस का अजून, प्रार्थनेत?”

“का?”

“मी सोडून दिलं. माझ्या कानात गांधीलमाशी शिरलीये. रविवार आला की शिरते, कॉफीला निघून जाते. चांगली धार्मिक माशी आहे.”

आस्ताच्या हातातला कप बशीत आपटला. तो आवाज तिला ऐकू आला, लखलखीत.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“पानगळीपासून. म्हटलं, झालं, उरलंसुरलं पण चाललं. तिकडे वेंडेलालाही होतं म्हणे. तिच्या म्हाताऱ्या आईलासुद्धा.”

“मग बोलला का नाहीत कुणी? हिल्डिंगला सांगायचं.”

ओसियनने तिच्याकडे असं बघितलं जणू तिने त्याला वेदीवर चढायला सांगितलं होतं. “त्याला कशाला त्रास? त्याने एवढं केलंय सगळ्यांसाठी. कान माझे, माशी माझी.” मग त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. “तुझ्या कानातसुद्धा आहे काय? मग ही माशी फारच हिंडते म्हणायची.”

तिला हसू आलं. कान गेला नव्हता. म्हणजे हिल्डिंगचं काम बिघडलं होतं. तिच्या जिवावरचं ओझं उतरलं ते थेट त्याच्या पाठीवर जाऊन पडलं, आणि ते त्याच्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम तिचं होतं. कारखान्याने त्याला घरी पाठवलं त्या दिवशी तो कसा बसला होता, कोट न काढता, हे तिला आठवलं.

*

तूरा गाण्याच्या तालमीला पाद्र्याच्या घरी गेली होती. दोघंच घरी होती. तीन वाजत आले होते आणि खिडकीबाहेर निळं व्हायला लागलं होतं. हिल्डिंग काड्यापेटीतल्या काडीने पाइप कोरत बसला होता.

“हिल्डिंग, तारेत आवाज आहे.”

“मी बघितलंय.”

“ओसियनलाही येतो.”

“ओसियनचं यंत्र आदमच्या काळातलं आहे.”

“वेंडेलालाही. तिच्या आईलाही.”

त्याचा चेहरा लाल झाला. “तुम्ही सगळी म्हातारी बाकावर शेजारी शेजारी बसता आणि एकमेकांची यंत्रं भुंकवता. बॅटऱ्या स्वस्तातल्या घेता. मी सगळी जमीन पालथी घातली, आस्ता. घड्याळाची टिकटिक शेवटच्या ओळीपर्यंत. आणि कॉफीच्या टेबलावर माझ्या तारेची चर्चा? मला सांगायच्या आधी?”

“त्यांनी चर्चा नाही केली. तेच तर. जो तो आपला कान गेला म्हणून गप्प.”

“आणि तू?”

ती थांबली. हे बोलायचं नव्हतं. “मीही. मी इस्पितळाची वेळ घेतली आहे. मला वाटलं संपलं. मी रोज चुलीकडे पाठ करून उभी राहते, किटली ऐकू येते का बघायला.”

तो आणखी काहीतरी बोलणार होता. तोंड उघडं होतं. मग ते मिटलं. काडी त्याच्या बोटांत होती तशीच राहिली.

ती खाली ठेवून तो म्हणाला, “खांबावरची पेटी कण्हते.”

“काय?”

“ट्रान्सफॉर्मर. रविवारी कण्हतो. सोमवारी नाही. मला वाटलं, माझेच कान वाजायला लागले. तुला कसं सांगणार? तुला.” त्याने तिच्या कानाकडे हात केला आणि तो हात अर्ध्यात टेबलावर ठेवला.

“पक्षी,” ती म्हणाली.

“हो. पक्षी.”

तिला भीती वाटली, आता तो कोट न काढता बसेल तसा बसून राहील. संध्याकाळ होईल, लोक येतील, तो मधल्या वाटेने टक् टक् करत चालेल आणि तूरा किड्याच्या भुणभुणीत गाईल. ती म्हणाली, “तू तपासलंस तेव्हा नव्हता आवाज. यावर माझा विश्वास आहे.”

“शनिवारी तपासलं,” तो हळूहळू म्हणाला. “शनिवारी सगळे बाक पूर्ण असतात.”

त्याने काड्यापेटी पालथी केली. काड्या टेबलावर ओळीने मांडल्या, सगळ्यांची गुलं खिडकीकडे, चर्चकडे. आस्ता बघत होती. तिला त्या अंधाऱ्या बाकांखालचे चंदेरी पट्टे दिसले, सगळे एका दिशेला, आज्ञाधारक. एका अर्ध्या लाटेत सगळे बाक एकदम पिणार, दुसऱ्या अर्ध्यात एकही नाही. सगळे एकाच क्षणी दार लावणार. जमिनीखालून जाणारी ती सगळी धाव तिच्या तारेच्या कुशीतून जाणार आणि कानात भुणभुणणार. आणि वर खांबावरची पेटी, जिला दोन्ही बाजूंनी ओढ लागते, तिला एकाच बाजूने ओढलं जाणार.

“एकटा असताना काही नाही,” हिल्डिंग काड्यांना म्हणाला. “कारखान्यात आम्ही एकेकच तपासत होतो. सगळे एकदम कधी ऐकले नाहीत.”

“आज रात्री अर्धं नको करू,” आस्ता म्हणाली. “पूर्ण राहू दे. वेंडेलाचे बूट जळू देत एकदा.”

त्याने एक काडी उचलली आणि उलटी ठेवली. मग एक सोडून पुढची. मग त्यापुढची एक सोडून. ओळीतल्या अर्ध्या काड्यांनी चर्चकडे पाठ केली. आस्ताला कळलं: निम्मे बाक एका अर्ध्या लाटेत पितील, निम्मे दुसऱ्या, आणि पेटीला पुन्हा दोन्ही बाजूंनी ओढ लागेल. एवढ्या वर्षांत मांडलेली ओळ त्याने स्वतःच्या हाताने विस्कटलेली तिने बघितली नव्हती.

बाहेर चर्चच्या वाटेवरचे दिवे लागले. प्रार्थनेला अजून अवकाश होता, पण बाक पुष्कळ होते, झाकणं पुष्कळ होती, आणि तो गुडघ्यांनी वाकायला आता वेळ घेत असे.

“जमेल?” तिने विचारलं.

हिल्डिंग उठला. खणातून पेचकस आणि छोटी बॅटरी काढून खिशात टाकली. खुंटीवरून टोपी घेतली, कानांवर ओढली, मग थांबून कानांवरून पुन्हा वर केली. दार उघडलं, थंडी आत आली, काड्या टेबलावर जराशा हलल्या, आणि तो बाहेर पडला.